पार्ट जर्मनीहून येतोय

"पार्ट अजून आलेला नाही," जर्मन म्हणाला आणि शांतपणे टोस्टला लोणी लावू लागला.

त्याची बायको फोन हातात घेऊन समोर उभी होती. फोनवरून आत्ताच कळलं होतं की तिच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, हृदयाचं ऑपरेशन उद्याऐवजी आज दुपारीच करायचं ठरलंय. ताई तीन तासांच्या रस्त्यावर, मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात एकटी पडली होती. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. जे काही होतं ते ही धाकटी बहीण. फोन ठेवताना ताई म्हणाली होती, "आत नेण्याआधी एकदा तुझं तोंड बघायचंय गं. मग काय व्हायचं ते होऊ दे." ताई असं बोलणाऱ्यातली नव्हती. जन्मभर सगळ्यांची टिंगल करत आलेली बाई अशी बोलायला लागली की समजावं, प्रकरण साधं नाही.

धाकटीने संध्याकाळच्या बसने जायचं ठरवलं होतं. त्यासाठी आजपासून रजाही टाकली होती. ती शाळेची व्हॅन चालवायची. बदली ड्रायव्हर सकाळीच ती घेऊन गेला होता, आणि तसंही शाळेची व्हॅन शहराबाहेर न्यायला मिळालीच नसती. सकाळची बस गेलेली. कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला कुणाला तरी विमानतळावर सोडायला गेलेला. राहता राहिली गॅरेजमधली गाडी, आणि तिचा पार्ट जर्मनीहून येत होता.

"अहो, किती महिने येतोय तो पार्ट? पोहत येतोय का?"

"अस्सल पार्टला वेळ लागतो," जर्मन म्हणाला. "इथला लोकल बसवायचा असता तर काय, आत्ता बसवला असता."

"मग बसवा की!"

"या गाडीत? लोकल?" त्याने सुरी खाली ठेवली. कुणीतरी त्याला बहिणीच्या अंगात दुसऱ्याचं मूत्रपिंड घाल म्हटल्यासारखा चेहरा केला. आता बहिणीचाच विषय चालू आहे, निदान आज तरी असला चेहरा करू नये, हे त्याच्या गावीही नव्हतं.

जर्मन हे त्याचं अर्थातच खरं नाव नव्हे. जर्मनीचं तोंडही त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण उभी नोकरी त्याने एका जर्मन गाड्यांच्या शोरूममध्ये काढली, आणि त्या कंपनीचा त्याला इतका पुळका की गल्लीने त्याचं बारसं करून टाकलं. शोरूममध्ये त्याचं काम चावी देण्याचं. नवी गाडी घ्यायला माणूस आला की चावी लगेच हातात द्यायची नाही, आधी इतिहास सांगायचा, असा तिथला नियमच होता. ग्राहकाला सोफ्यावर बसवायचं, कॉफी द्यायची आणि हा सुरू व्हायचा. नदीकाठचं एक लहानसं गाव. तिथले दोन भाऊ. ते आधी तराजू बनवायचे, इतके नेमके की लांबलांबचे सोनार त्यांच्याकडून तराजू मागवायचे. मग त्याच शेडमध्ये त्यांनी पहिलं इंजिन बनवलं, ते पसंत पडलं नाही म्हणून स्वतःच्या हाताने फोडलं, दुसरं बनवलं, तेही फोडलं. इथे जर्मन थोडा थांबायचा. ग्राहकाला आपण गाडी नव्हे, दोन भावांची तपश्चर्या विकत घेतोय असं वाटायला लागायचं. "मग मध्ये काही कठीण वर्षं गेली," एवढं एक वाक्य, आणि इतिहास एकदम उडी मारून नव्या कारखान्यात, चकचकीत मॉडेलपाशी यायचा. मग चावी.

हा इतिहास घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ होता. निवृत्त होताना त्याने शोरूममधलीच एक जुनी गाडी घेतली आणि मग तर विचारायलाच नको. मिक्सर बिघडला की जर्मन म्हणणार, "त्या दोघा भावांनी बनवला असता तर बिघडला नसता." आणि वीस-पंचवीस मुलं भरून रोज सकाळी गर्दीतून व्हॅन काढणाऱ्या बायकोला त्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नव्हती. "ती व्हॅन आहे, ही गाडी आहे," एवढंच कारण. ती सुरुवातीला भांडली, मग तिने नाद सोडला. नवऱ्याशी एका विषयावर किती वर्षं डोकं आपटायचं यालाही मर्यादा असते.

ताईने मात्र एकदा मजा केली होती. सुट्टीला आली असताना जेवणाच्या टेबलावर तिने जर्मनचा इतिहास गंभीर चेहऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारलं, "आणि काय हो, त्या कठीण वर्षांत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हे दोघे भाऊ काय करत होते? तराजूच बनवत होते का?" जर्मनने पाण्याचा घोट घेतला आणि "कारखान्याची दुरुस्ती चालू होती," असं म्हणाला. "सहा वर्षं?" ताई म्हणाली. त्यानंतर ताईचं नाव निघालं की जर्मनच्या कपाळावर आठी पडायची.

तर आता ती बायको, हातातल्या फोनकडे आणि टोस्ट खाणाऱ्या नवऱ्याकडे आळीपाळीने बघत, जे आठ महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं ते करायला निघाली. तिने फोरमनला फोन लावला. फोरमन म्हणजे त्याच शोरूमच्या वर्कशॉपमधला जुना माणूस, मागच्याच रस्त्यावर राहणारा.

"कुणाला फोन करतेस?" जर्मनने विचारलं.

"तुमच्या पार्टला," ती म्हणाली.

फोरमन आला तो बॅटरी आणि वायरी घेऊनच आला. जर्मन त्याच्यामागोमाग गॅरेजमध्ये गेला आणि उगीचच "काही उपयोग नाही, उगाच तसदी," असं म्हणत गाडीभोवती फिरत राहिला. गाडी मात्र लखलखीत. रोज सकाळी जर्मन गॅरेजमध्ये जाऊन ती पुसायचा आणि मग दार लावून बराच वेळ आत नुसताच बसायचा. बायकोला वाटायचं, गप्पा मारत असेल तिच्याशी. घरात कुठे मारतो?

फोरमनने वायरी जोडल्या, चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. नुसतं सुरू झालं नाही, असं गुळगुळीत चालायला लागलं की फोरमनला राहवलं नाही, त्याने बॉनेटवर मायेने थाप मारली.

"बॅटरी उतरली होती वहिनी, बाकी काही नाही. आणलीय ती राहू द्या आत."

"आणि पार्ट?"

"कसला पार्ट?"

"पेट्रोलच्या पंपाचा. जर्मनीहून यायचा होता ना."

फोरमनने बॉनेटखाली पुन्हा डोकं घातलं, कान लावला, बाहेर काढलं. "पंप ठणठणीत आहे. मला तर कुणी काही बोललं नाही. पार्टच्या काउंटरवर माझाच पुतण्या बसतो, मागवला असता तर त्याच्याकडूनच मागवला असता की."

दोघांनी जर्मनकडे पाहिलं. जर्मन लालबुंद झाला होता.

"आत्ता चालतोय, पुढे बंद पडेल," तो म्हणाला. "या मॉडेलचा पंपच कच्चा आहे. कंपनीची मुळातली चूक आहे ती. या गाड्या काही पहिल्यासारख्या राहिलेल्या नाहीत."

फोरमनच्या हातातला पाना हातातच राहिला. गाडीचं दार जरा जड लागतं असं एक ग्राहक म्हणाला, तेव्हा याच माणसाने त्याला अर्धा तास बसवून दाराचा इतिहास ऐकवला होता. कंपनीविरुद्ध ब्र काढला म्हणून सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याशी याने बोलणं टाकलं होतं.

"साहेब," फोरमनने हळूच विचारलं, "बरं नाही का वाटत तुम्हाला?"

"तू जा आता," जर्मन म्हणाला.

फोरमनने इंजिन बंद केलं, चावी त्याच्या हातात दिली आणि तो गेला. जाताना दोनदा वळून बघत गेला.

बायकोच्या डोक्यात तिडीक गेली. इतकी की आवाज चढवायचंही तिला सुचलं नाही. आठ महिने हा माणूस धडधडीत खोटं बोलत होता. भाजी आणायला ती दोन्ही हातांत पिशव्या धरून पायी गेली, त्याला दाढदुखी झाली तेव्हा रिक्षा शोधत ती उन्हात उभी राहिली, ताईला पहिल्यांदा अॅडमिट केलं तेव्हा ती बसमध्ये उभ्याने गेली. आणि गाडी इथे गॅरेजमध्ये, ठणठणीत.

"कळलं मला," ती म्हणाली. "ताईसाठी गाडी काढायची नाही तुम्हाला. तिने तुमच्या त्या भावांची चेष्टा केली, ते अजून मनात धरून बसलाय. बाई मरायला टेकलीय आणि तुम्ही पार्टाच्या गोष्टी सांगताय. लाज नाही वाटत?"

ती थांबली. आता हा उसळेल, निदान नाही तरी म्हणेल, अशी तिची अपेक्षा होती. जर्मनने खाली बघितलं.

"तसं समज," तो म्हणाला.

याने ती जास्तच भडकली. भांडणात समोरच्याने असं हत्यार टाकलं की आपल्या हातातल्याचं काय करायचं तेच कळत नाही. "मी काहीही समजणार नाही. चावी द्या, मी चालवते."

"नाही."

"मग तुम्ही चालवा. बसा. आत्ताच्या आत्ता बसा."

चावी बायकोला देणं आणि चाकाशी बसणं यांत जर्मनने क्षणभर काय तोललं असेल ते त्याचं त्याला माहीत. तो बसला. तिने पिशवी मागे टाकली आणि शेजारी बसली.

गॅरेजमधून गाडी निघाली तशी डाव्या बाजूचा आरसा फाटकाच्या खांबाला घासून खाड्‌कन आत वळला. "अहो!" ती ओरडली. एरवी या गाडीवर कुणी बोट टेकवलं तरी रुमाल काढणारा माणूस खाली उतरून आरसा बघायलाही गेला नाही, तसाच पुढे निघाला. गल्ली संपून मोठा रस्ता लागला. डावीकडून एक सायकलवाला येत होता. भर उजेडात, लाल शर्ट घातलेला, घंटी वाजवत. व्हॅनच्या सवयीने तिने तो केव्हाच हेरला होता आणि जर्मन आता थांबेल, आता थांबेल म्हणून वाट बघत होती.

"सायकल! डावीकडे सायकल!"

"कुठे?" जर्मन म्हणाला, आणि ब्रेक दाबला.

सायकलवाला बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला होता. त्याला लागलं नव्हतं. त्याने जर्मनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, चाकाला एक लाथ मारली आणि निघून गेला. जर्मनच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. काहीतरी फडकं मिळेल म्हणून तिने समोरचा कप्पा उघडला. आत फडकं नव्हतं. औषधाच्या बाटल्या होत्या, लहान-लहान, थेंब घालायच्या. काही रिकाम्या, एक अर्धी.

"हे काय?"

"डोळ्यांचं," जर्मन म्हणाला. "सकाळी घालतो."

"गॅरेजमध्ये बसून?"

"घरात तू बघितलं असतंस."

मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या होत्या.

"समोरचं दिसतं," तो म्हणाला. "पेपर वाचता येतो. बाजूचं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. डॉक्टर म्हणाला, गेलं ते गेलं, आहे ते राखा."

"कोणता डॉक्टर? कधी गेलात?"

"तू व्हॅनवर असताना."

तिला रडायला यायला हवं होतं. आला तो संताप. "अहो, पण गाडीवर कशाला ढकललंत? 'मला दिसत नाही' हे चार शब्द... तीन शब्द बोलायला तुमचं तोंड झिजत होतं?"

"माणसाला एकदा आंधळा म्हटलं की म्हटलं," जर्मन म्हणाला. "मग तो बाकी काही राहत नाही. कंपनीचं काय, ती मोठी आहे. माझ्यामुळे तिचं नाव जायचं नव्हतं." मग थोडं थांबून, पडक्या आवाजात, "पण फोरमनसमोर बोललो ते फार वाईट वाटलं मला. पंप उत्तम आहे गं त्यांचा."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. एखाद्याला डोळे गेल्याचं दुःख, एखाद्याला पंपाची बदनामी केल्याचं. "उतरा," ती म्हणाली. "आणि फिरून माझ्या बाजूने येऊन बसा. सावकाश. थांबा, मीच येते न्यायला."

असं करत ती त्या गाडीच्या चाकाशी बसली. बरं, बसली ती बसली. शेजारी बसलेल्याचं तोंड बंद राहील तर शपथ. "क्लच इतका नको दाबू. ही व्हॅन नाही. गिअर नुसता दाखवायचा, तो आपला आपण जातो." त्याला बाजूचं काहीच दिसत नव्हतं, तरी इंजिनाच्या आवाजावरून तो तिच्या चुका काढत होता. शहर मागे पडल्यावर तिने वेग वाढवला. गाडी अशी धावायला लागली की वेग वाढलाय हे काट्याकडे बघूनच कळावं. इतक्या वर्षांनंतर ती मनात म्हणाली, गाडी चांगलीच आहे मेली. तोंडाने मात्र म्हणाली नाही. तेवढं सुख त्याला आज द्यायची तिची तयारी नव्हती.

"कशी वाटते?" त्याने विचारलंच.

"बरी आहे."

मग सवयीने म्हणा, भीतीने म्हणा, हळू आवाजात त्याचा इतिहास सुरू झाला. नदीकाठचं गाव, दोन भाऊ, तराजू, फोडलेली इंजिनं. ती ऐकत होती, म्हणजे ऐकत नव्हती. घड्याळाकडे बघत होती आणि ताईला अजून आत नेलं नसेल ना, एवढंच डोक्यात चालू होतं. "मग मध्ये काही कठीण वर्षं गेली," असं म्हणून जर्मन थांबला आणि उडी मारायची सोडून तिथेच घुटमळला.

"लष्कराचे ट्रक बनत होते," तो म्हणाला. "आणि बाहेरून बळजबरीने आणलेली माणसं कारखान्यात राबत होती. बायकासुद्धा. ताईंनी बरोबर ओळखलं होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आम्हाला शिकवलंच होतं की एवढं सांगायचं नाही. चावी घ्यायला आलेल्या माणसाला कोण सांगणार? पुढे कंपनीने आपणहून सगळं छापलं, माफी मागितली. मला वाटलं, झालं, आता कोण घेतंय गाड्या." तो जरा खिन्न हसला. "त्या वर्षी चाव्या देता देता माझे हात दुखले."

"आणि तरी तुम्ही सोफ्यावर बसून तेच सांगत राहिलात."

"सवय," जर्मन म्हणाला.

त्यावर तिला बरंच बोलता आलं असतं. पण समोर शहर दिसायला लागलं होतं, रस्ता भरून आला होता, आणि आता तिला दोन माणसांचे डोळे एकटीने वापरायचे होते.

हॉस्पिटलात पोचली तेव्हा ताईला खोलीतून बाहेर काढलं होतं. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर स्ट्रेचर उभं होतं, डोक्याला हिरवी टोपी, चेहरा एवढासा. धाकटी धावतच गेली आणि तिने ताईचा हात दोन्ही हातांत धरला.

"आलीस," ताई म्हणाली. "घामाघूम झालीस अगदी. बस तर गेली होती ना? कशी आलीस?"

"गाडीने. मीच चालवली."

"तू?" त्या अवस्थेतही ताईच्या भुवया वर गेल्या. "आणि जर्मनने चावी दिली? जगबुडी आली का काय?"

एव्हाना जर्मन भिंतीला हात लावत लावत पोचला होता. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "त्यांचा पाय दुखतोय गं. म्हणून मी."

सकाळपासून ज्या खोटेपणावर ती आग पाखडत होती, तोच तिने इतक्या सहज केला की तिचं तिलाच नवल वाटलं. पण जर्मन पुढे सरकला. स्ट्रेचरच्या कडेला त्याची मांडी आपटली.

"पाय बरा आहे ताई," तो म्हणाला. "मला दिसेनासं झालंय. बाजूचं काही दिसत नाही. आता गाडी हीच चालवणार."

चेष्टा करायला इतकी चांगली संधी ताईला जन्मात मिळाली नव्हती. पण तिने हात वर केला आणि चाचपडणारा त्याचा हात धरून आपल्या पांघरुणावर ठेवला.

"मग परत बाहेर आणतील तेव्हा मी आधी बोलेन," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला कळेल."

नर्सने स्ट्रेचर ढकललं. दार उघडलं, मिटलं. वर दिवा लागला.

"वरच्या मजल्यावर बसा, तिथे बोलावतील," दारावरचा माणूस म्हणाला. धाकटी डोळे पुसत भराभरा जिन्याकडे निघाली. जन्मभर तिची चाल तशीच होती, नवरा मागून येतोय हे गृहीत धरूनच. जिन्याच्या पहिल्या पायरीशी तिने मागे वळून पाहिलं. जर्मन कॉरिडॉरच्या मध्यभागी तिथेच उभा होता. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होती. त्याच्या डाव्या अंगाला भिंतीलगत एक रिकामं बाक होतं, आणि ती तिथे बसलीय असं धरून तो समोर बघत, अगदी ठामपणे, शोरूममधल्या त्या मऊ आवाजात बोलत होता.

"तू काळजी करू नकोस. चांगले डॉक्टर आहेत. होईल सगळं ठीक."

तिला ओरडावंसं वाटलं. का, कुणावर, काही कळेना. एवढे महिने एका घरात, एका टेबलावर. व्हॅनच्या आरशातून मागच्या बाकावरच्या पोराच्या बुटाची सुटलेली नाडीसुद्धा तिला दिसायची.

"अहो, मी इकडे आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," जर्मन चिडून म्हणाला आणि त्याने हात पुढे केला, भलत्याच बाजूला. ती परत आली, त्याला वळसा घालून त्या बाजूला गेली आणि तो हात धरला.